नवगावचे दोन उंचवटे आणि आपल्या गावाची दफनभूमी

नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृत श्रद्धावंतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. 2 नोव्हेंबर रोजी धर्मग्रामाधर्मग्रामांतून दफनभूमीत पवित्र मिस्सा अर्पण केली जाते, कबरींवरील गवत काढले जाते, मेणबत्त्या पेटवल्या जातात आणि आपल्या आधी श्रद्धेच्या खुणेसह निघून गेलेल्यांसाठी आपण प्रार्थना करतो. परंतु ज्या जमिनीवर उभे राहून आपण ही प्रार्थना करतो, ती जमीन कोणाच्या नावे आहे, तिची नोंद कोठे आहे, आणि उद्या कोणी हरकत घेतली तर आपण काय दाखवणार, हे प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारले असतील. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 मधील एका निकालाने हे प्रश्न प्रत्येक ग्रामीण ख्रिस्ती समाजापुढे आणून ठेवले आहेत. त्यांचा विचार भावनेच्या भरात न करता शांतपणे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वीस दिवस शवागारात

छत्तीसगढ राज्याच्या बस्तर जिल्ह्यात छिंदवाडा नावाचे एक गाव आहे. तेथील एका वयोवृद्ध पाळकांचे 7 जानेवारी 2025 रोजी निधन झाले. त्यांच्या वाडवडिलांना गावाच्याच दफनभूमीत मूठमाती मिळाली होती. कुटुंबाचे म्हणणे असे की, त्या दफनभूमीचा एक भाग ख्रिस्ती लोकांसाठी ग्रामपंचायतीने पूर्वीपासून तोंडी मान्य केलेला होता. या वेळी मात्र गावातील काही लोकांनी विरोध केला. कुटुंबाने स्वतःच्या शेतात दफन करण्याची तयारी दाखवली, त्यालाही हरकत घेण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. गावात ख्रिस्ती लोकांसाठी वेगळी दफनभूमी नाही, अशा आशयाचे सरपंचाचे प्रमाणपत्र तेथे सादर झाले आणि कुटुंबाची मागणी फेटाळली गेली.

सर्वोच्च न्यायालयात 27 जानेवारी 2025 रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने दुभंगलेला निकाल दिला. न्यायमूर्ती नागरत्ना यांच्या मते कुटुंबाला स्वतःच्या शेतजमिनीत दफन करू द्यावयास हवे होते. पुन्हा असे वाद उद्भवू नयेत म्हणून राज्यभर ख्रिस्ती समाजासाठी दफनाच्या जागा निश्चित करून द्याव्यात, असेही त्यांनी सांगितले. न्यायमूर्ती शर्मा यांच्या मते सन्मानाने दफन होण्याचा अधिकार निर्विवाद असला, तरी दफनाची जागा आपल्या मर्जीप्रमाणे निवडण्याचा अमर्याद अधिकार त्यातून निघत नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेचा विचार करून शासनाने ठरवलेल्या जागीच दफन व्हावे, असे त्यांचे मत पडले. सर्वसाधारणपणे असे प्रकरण मोठ्या पीठाकडे जाते. परंतु मृतदेह वीस दिवस शवागारात पडून होता. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 142 खालील अधिकार वापरून, वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश दोन्ही न्यायमूर्तींनी एकमताने दिला.

या प्रकरणात कोणाची बाजू बरोबर, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या दृष्टीने ध्यानात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. त्या कुटुंबाजवळ गावातील पूर्वजांच्या कबरी होत्या, परंतु ती जागा आपली असल्याचा कागद नव्हता. शेजाऱ्यांची संमती होती तोवर कागदाची गरजही कोणाला भासली नाही. ज्या दिवशी संमती संपली, त्या दिवशी पिढ्यांची वहिवाट एका प्रमाणपत्रापुढे दुबळी ठरली.

नवगाव : कागद नसलेला इतिहास

याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहावयाची असेल, तर आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ समुद्रकाठी असलेल्या नवगावकडे वळले पाहिजे. तेथे बेने इस्राएल समाजाचे प्राचीन दफनस्थान आहे. मराठी बोलणारा हा ज्यू समाज शतकानुशतके कोकणच्या खेड्यांत तेल गाळण्याचा व्यवसाय करीत होता. शब्बाथ पाळण्यासाठी हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नवगावकर, किहीमकर, थळकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी शंभराहून अधिक गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून धारण केली.

या समाजाची परंपरा असे सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे जहाज खांदेरी-उंदेरी बेटांच्या परिसरात फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. जे बुडाले त्यांची शवे नवगावच्या किनाऱ्याला लागली. वाचलेल्यांनी पुरुषांना एका ठिकाणी व स्त्रियांना दुसऱ्या ठिकाणी पुरले. तेच ते दोन उंचवटे. त्यांवर कोणताही प्राचीन लेख नाही. पुढे समाजाने तेथे स्मारक उभारले. जहाज केव्हा फुटले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला इतिहास ही घटना इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास घडल्याचे मानतो. अंतियोख राजाच्या छळाच्या काळात हे लोक निघाले आणि मक्काबींच्या विजयापूर्वीच निघाल्यामुळे त्या विजयाचा सण त्यांना ठाऊक नव्हता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इतर अभ्यासक निरनिराळे कालखंड सुचवतात.

कालनिर्णय काहीही असो, एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. बेने इस्राएल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर मुंबईत 1796 मध्ये उभे राहिले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ते बांधले. अलिबागचे प्रार्थनामंदिर 1848 मधले. म्हणजे त्यापूर्वी कित्येक पिढ्या या समाजाजवळ मंदिर नव्हते, हिब्रू भाषेचे ज्ञानही फारसे उरले नव्हते. त्यांच्याजवळ होता शब्बाथ, सुंतेचा विधी, खाण्याचे काही नियम आणि पूर्वज पुरलेली ही जागा. आपण कोण आहोत, कोठून आलो, या प्रश्नाचे उत्तर ते नवगावच्या मातीकडे बोट दाखवून देऊ शकत होते. ज्या समाजाला पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठी दफनभूमी हेच पुस्तक असते.

1948 नंतर यातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. इस्राएलमध्येही त्यांच्या वाट्याला परीक्षा आलीच. 1962 मध्ये तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि 1964 मध्ये तेथील शासनाने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तोपर्यंत त्यांतील बरेचसे लोक गाव सोडून गेले होते.

नवगावचे दफनस्थान टिकले, त्याला तीन कारणे दिसतात. पहिले, आडनावातून गाव जिवंत राहिले. नातवंडे कोठेही जन्मली तरी गावाचे नाव त्यांच्या कपाळी लिहिलेलेच असते. दुसरे, समाजातील एका माणसाने ऐकीव परंपरा वेळेवर लिहून ठेवली. 1897 मध्ये किहीमकरांनी लेखणी उचलली नसती, तर स्थलांतराच्या लाटेत ती आठवण बरीचशी वाहून गेली असती. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, आजूबाजूच्या समाजाने त्या जागेला त्यांची जागा म्हणून मान दिला.

छिंदवाड्यातही वहिवाटच होती, नवगावातही वहिवाटच. एके ठिकाणी ती तुटली, दुसऱ्या ठिकाणी ती टिकली. या दोहोंमधला फरक शेजाऱ्यांच्या मनात आहे. परंतु शेजाऱ्यांचे मन कायमचे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच संमती असतानाच नोंद करून घेणे, हे शहाणपणाचे ठरते.

अब्राहामाने जमीन विकत का घेतली?

पवित्र शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात सारेच्या मृत्यूनंतर अब्राहाम हेथी लोकांकडे दफनासाठी जागा मागतो. तो तेथे परका आहे. एफ्रोन त्याला जागा देऊ करतो, ती फुकट घ्यावी असेही म्हणतो. अब्राहाम नम्रतेने नकार देतो, चारशे शेकेल रुपे तोलून देतो आणि नगराच्या वेशीत जमलेल्या सर्वांच्या देखत व्यवहार पुरा करतो. शास्त्रलेखक शेत, गुहा आणि शेताच्या हद्दीतील झाडेसुद्धा नोंदवतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर खरेदीखत, साक्षीदार आणि चतुःसीमा या तिन्ही गोष्टी तेथे आहेत. परमेश्वराने ज्याला सारा देश देण्याचे वचन दिले होते, त्याने विकत घेतलेली पहिली जमीन म्हणजे दफनभूमी. शेजाऱ्यांचा स्नेह त्याने नाकारला नाही, आणि केवळ त्या स्नेहावरही तो विसंबला नाही.

ज्या मक्काबींच्या काळाशी किहीमकर नवगावची कथा जोडतात, त्याच काळाचे वर्णन करणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, यहूदा मक्काबी रणांगणावर पडलेल्यांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या परंपरेचा एक आधार हा उतारा आहे. नोव्हेंबरात आपण जे करतो, त्याची मुळे त्या काळापर्यंत जातात. तोबितही याच कामासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालतो. मृतांना मूठमाती देणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले आहे.

ख्रिस्तसभेचा कायदाही याविषयी मुग्ध नाही. शक्य तेथे ख्रिस्तसभेची स्वतःची दफनभूमी असावी, अन्यथा सार्वजनिक दफनभूमीत तरी श्रद्धावंतांसाठी राखीव जागा असावी, असे कॅनन 1240 सांगतो. दफनानंतर मृतांच्या नोंदवहीत नोंद व्हावी, असे कॅनन 1182 सांगतो. म्हणजे प्रार्थना, जागा आणि नोंद ही तिन्ही कर्तव्ये एकत्रच आली आहेत. पहिले आपण मनोभावे पाळतो. उरलेल्या दोहोंचे काय?

मराठवाड्यातील आपली स्थिती

आपल्या भागात ख्रिस्ती श्रद्धेचे बीज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावसारख्या खेड्यांतून रुजले. नागपूर मिशनच्या फ्रेंच मिशनऱ्यांनी बैलगाडीने आणि पायी हा मुलूख पालथा घातला. पुढे 17 डिसेंबर 1977 रोजी अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. श्रद्धा स्वीकारणाऱ्यांत गावकुसाबाहेरची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांचे मृत पूर्वीपासून जेथे पुरले जात, त्या ओढ्याकाठच्या किंवा गायरानाच्या कडेच्या मसणवटीतच बऱ्याच ठिकाणी पुढेही दफन होत राहिले. 1956 नंतर बौद्ध झालेले भाऊबंदही अनेक गावांत तीच जागा वापरत आले. ही जागा आपली आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. ते सातबाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

त्यात आपला भाग चार राजवटींमधून गेला. सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे हैदराबाद संस्थान, मग हैदराबाद राज्य, 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र. जुने दप्तर उर्दूत, मधले खासरा पत्रकात, नंतरचे मराठीत. जुन्या नोंदीचे मोल काय असते, हे मराठवाड्याला 2023 मध्ये पुन्हा कळले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलांतील धूळ खात पडलेली निजामकालीन कागदपत्रे बाहेर निघाली. एका ओळीच्या नोंदीसाठी घराघरांतील माणसे तालुक्याच्या ठिकाणी खेपा घालताना आपण पाहिली. जी नोंद जातीच्या दाखल्यासाठी शोधली गेली, त्याच दप्तरांत दफनभूमीची नोंदही असू शकते. ती कोणी शोधली?

जमिनीवरील दाबही वाढला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा गावोगाव नोटिसांची भीती पसरली. गायरान मोकळे राहावे हा हेतू योग्यच आहे. परंतु गायरानाच्या कडेला असलेली, कागदावर नसलेली दफनभूमी मोजणीच्या वेळी दिसतच नाही. वैजापूर, गंगापूर, जालना या पट्ट्यातून समृद्धी महामार्ग गेला. रस्ते, कालवे आणि औद्योगिक वसाहती होतच राहणार. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पुनर्वसित वसाहतींमध्ये त्या त्या समाजाच्या प्रथेप्रमाणे दफनभूमी वा दहनभूमी देण्याची तरतूद आहे. मात्र जी दफनभूमी मुळात नोंदलेलीच नाही, तिच्याबद्दल कोण काय देणार?

बजाजनगरचा प्रश्न

येथे बजाजनगरचा विचार ओघाने येतो. वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि वडगाव कोल्हाटीच्या शिवारात कामगारांची ही वसाहत वाढली. गंगापूर, वैजापूर, पैठण, जालना, बीड अशा चहूबाजूंनी माणसे आली. त्यांत आपलीही कुटुंबे होती. त्या वेळी विशीत असलेले तरुण आज साठी गाठत आहेत. कोणी निवृत्त झाले, कोणाची मुले पुण्याला गेली. घर येथे, नोकरी येथे, धर्मशिक्षण येथे. आई-वडिलांची कबर मात्र गावी.

अशा कुटुंबात मृत्यू घडला म्हणजे पहिला प्रश्न येतो : गावी न्यावयाचे की येथेच? हा प्रश्न वाहनाचा आणि खर्चाचा वाटतो, पण तो खरे पाहता स्मरणाचा आहे. कोणत्या बाभळीखाली आजोबा आहेत, कोणत्या दगडाशी आत्या आहे, हे सांगू शकणारी शेवटची पिढी आज बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी येथील घरांत बसलेली आहे. गावात उरलेल्या घरांना ते माहीत नाही आणि मुलांनी ते पाहिलेले नाही. बेने इस्राएल समाजाने मोठे स्थलांतर होण्यापूर्वी आपला इतिहास लिहून ठेवला होता. आपले स्थलांतर होऊन चाळीस वर्षे झाली, आणि आपली वही अजून कोरी आहे.

काय करता येईल?

कायदा आपल्या विरोधात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 22 मे 2020 रोजी, करोनाच्या काळात वांद्र्याच्या दफनभूमींसंबंधी निर्णय देताना, सन्मानाने दफन होण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे म्हटले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या परिशिष्टात दहनभूमी व दफनभूमीची व्यवस्था हा ग्रामपंचायतीच्या कामाचा विषय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 अन्वये जिल्हाधिकारी शासकीय पडीक जमीन दफनभूमीसाठी नेमून देऊ शकतात आणि अशी नेमलेली जमीन त्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामी वापरता येत नाही. जनसुविधा योजनेतून दफनभूमीच्या कुंपणासाठी, रस्त्यासाठी ग्रामपंचायतीला निधी मागता येतो. मात्र यांतील प्रत्येक दार नोंदीच्या किल्लीनेच उघडते.

म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने व गावच्या मंडळींनी पुढील कामे मनावर घ्यावीत :

1. तलाठी, म्हणजेच आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडून दफनभूमीच्या गटाचा सातबारा व गट नकाशा मागवावा. नोंद नसेल तर जुने खासरा पत्रक तहसील कार्यालयात पाहावे.

2. नोंद नसल्यास ग्रामसभेत ठराव मांडावा आणि त्यासह कलम 22 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. ठराव मांडण्यापूर्वी गावातील सर्व समाजांच्या जाणत्यांची भेट घ्यावी. जागा बौद्ध वा मातंग बांधवांसह सामायिक असेल, तर अर्जही सामायिकच असावा.

3. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्याव्यात.

4. मृतांच्या नोंदवहीत दफनाचे गाव, गट क्रमांक आणि कबरीची जागा लिहिण्याची शिस्त पाळावी.

5. बजाजनगर व परिसरातील ज्येष्ठांनी या नोव्हेंबरात मुलानातवंडांना घेऊन गावी जावे, कबरी दाखवाव्यात, नावे सांगावीत. मुलांनी ती वहीत उतरवून एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी.

यांतील चार कामे कागदाची आहेत आणि एक स्मरणाचे. परंतु सहावे एक काम आहे, ते कोणत्याही अर्जात बसत नाही. गावातील इतरांच्या अंत्ययात्रेत आपण खांदा देतो का? त्यांच्या स्मशानभूमीचा रस्ता नसेल तर त्यासाठी आपण बोलतो का? छिंदवाड्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानेसुद्धा मृताला स्वतःच्या गावात जागा मिळाली नाही. कागद हा अडचणीच्या दिवसाचा आधार आहे. अडचणीचा दिवस येऊच नये, हे शेजारधर्माच्या हाती असते.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाहूनही थोडे कमी आहे. मराठवाड्याच्या एखाद्या खेड्यात तर आपली दोन-चार घरे असतात. इतका लहान समाज संख्येच्या बळावर काही टिकवू शकत नाही. तो टिकवतो श्रद्धेने, सलोख्याने आणि व्यवस्थित ठेवलेल्या दप्तराने. मृतांसाठी प्रार्थना करताना आपण पुनरुत्थानाची आशा व्यक्त करतो. ज्या मातीत ते त्या दिवसाची वाट पाहत आहेत, ती माती राखून ठेवणे ही त्याच प्रार्थनेची उरलेली बाजू आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत आपल्या दफनभूमीचा विषय यावा, यासाठी आपल्या धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाने याच महिन्यात बैठक घ्यावी, अशी सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.